बाईच होत्या डॉक्टर

आई, तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. आज माझं वय तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी जास्त आहे, तरी तुझ्याशी बोलताना अजून आवाज चढतो. शेवटच्या उन्हाळ्यात तू डाव्या हातानं भाकरी थापायचीस. मी चिडून विचारलं होतं, "भाकऱ्या जाड काऊन होऊन राह्यल्या?" तू म्हणालीस, "फळ्यावर लिहून लिहून हात भरून आला." उजवा हात सुजला होता, स्तनात आणि काखेत गाठी होत्या, आणि तू तिसरीच्या पोरांना पाढे शिकवत होतीस. एकदा तू शहरातल्या एका दवाखान्यात जाऊन आली होतीस, हे तू गेल्यावर मावशीनं सांगितलं. तपासायच्या खोलीत सगळे पुरुष होते. तू पदर घट्ट धरून उठलीस आणि आपल्या भीमपूरची बस धरलीस. घरी सांगितलंस, "डाक्टर सुट्टीवर होते."

म्हणून मी सर्जन झाले, असं मी लोकांना सांगते. आपल्याच जिल्ह्यात आले. आमच्या विभागात मी एकटीच बाई डॉक्टर. प्रमुख सर म्हणायचे, "सुरी बाईच्या हातात आहे की पुरुषाच्या, तिला काय फरक पडतो?" सुरीला पडत नसेल, पण सुरीपर्यंत येणाऱ्या बाईला पडतो, हे मला दाखवून द्यायचं होतं. स्तनाची गाठ घेऊन उशिरा आलेल्या प्रत्येक बाईला विचारायचं, की उशीर काऊन झाला, आणि तपासायला बाई असती तर लवकर आली असतीस का. असा अभ्यास मी सुरू केला. माझ्यासमोर त्या मोकळं बोलणार नाहीत, म्हणून प्रश्न आमच्या सिस्टर विचारायच्या. उत्तरं मला हवी तशीच येत होती.

मग एका दुपारी सिस्टर कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. वांकिडीकडच्या एका कापूस वेचणाऱ्या बाईचं उत्तर होतं. त्यांनी ते हळू आवाजात वाचलं. "मी पयलेच आली होती. बाईच होत्या डॉक्टर. गाठ पायली आन् साऱ्यांसमोर वरडल्या, इतके दिवस झोपा काढल्या का? मंग मी घरी गेली. आठ महिने आली नाई." सिस्टरनी तिची तपासणीची जुनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. सही माझी होती.

"मॅडम, हे लिहू?"

"राहू द्या," मी म्हणाले आणि कागद खणात टाकला. दोन दिवसांनी सर माझं लिखाण वाचणार होते. या एका उत्तरावर ते माझा सगळा अभ्यास उडवून लावतील, अशी भीती होती. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या सकाळच्या ऑपरेशनच्या यादीत तिचंच नाव होतं.

मी वॉर्डात जाते. ती खाटेवर मांडी घालून बसलेली, नवरा बाहेर व्हरांड्यात. मी तिची काख तपासते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहते.

"तुमीच होत्या ना थ्या?"

"हो, मावशी. मीच ओरडले होते. चुकलं माझं."

ती पदर सारखा करत म्हणते, "सासू बी तसंच बोलत होती. मले वाटलं, डाक्टरीनबाई तरी नाई बोलनार." आणि मग, "उद्या तुमीच कापसान ना? मंग घाबरू नोका."

दुसऱ्या दिवशी काखेतल्या गाठी काढताना प्रत्येक गाठीला मला ते आठ महिने दिसत होते. ऑपरेशन नीट झालं. पुढची औषधं चालू आहेत. ती बरी होईल का, हे मला आज सांगता येत नाही. पहिल्याच वेळी थांबली असती, तर बहुतेक सांगता आलं असतं.

तिचं उत्तर मी लिखाणात घातलं, आणि ओरडणारी डॉक्टर मी होते हेही लिहिलं. सरांनी ते पान दोनदा वाचलं. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत उभी होते. ते हसले नाहीत. "मला पाहून किती जणी परत गेल्या असतील, हे मी कधी विचारलंच नाही," एवढंच म्हणाले, आणि बाकीचे कागद मागून घेतले.

हे पत्र मी कुणाला पाठवणार, आई? पण एक गोष्ट सिस्टरनाही सांगितलेली नाही. चाळिशीनंतर तपासून घ्या, हे मी रोज बायकांना सांगते, आणि तुझी मुलगी म्हणून मी तर केव्हाच तपासून घ्यायला हवं होतं. मी अजून एकदाही घेतलेलं नाही. आमच्या विभागात माझ्याशिवाय सगळे डॉक्टर पुरुष आहेत, आणि मला लाज वाटते.