रॅडबर्नची अर्धी गोष्ट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

श्रेयाला डेंग्यू! शनिवारी बेसबॉलची स्पर्धा, आणि आमच्या दोन पिचरपैकी एक आडवी. आता चेंडू टाकायला एकटी पूर्वी.

परळच्या मैदानावर पोरी नुसत्या बसून होत्या. मनवा आमची कॅचर, तिचं तोंड कधी बंद नसतं – "बाई, पूर्वीचं आता लिंबू होणार. पिळा!" सगळ्या हसल्या. पूर्वी सोडून.

शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. बेसबॉल काही सुटत नाही माझ्याच्याने.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सराव संपल्यावर पूर्वी मागे थांबली. "बाई, कोपर ठणकतंय. रविवारपासून." आतल्या बाजूला दाबलं तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

दोन दिवसांत तीन सामने. अंतिम सामन्याला निवड समितीची माणसं येणार. राज्य संघात नाव आलं तर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी जवळजवळ नक्की. एकोणीस वर्षांची पोर. काळाचौकीची खोली, वडील टेम्पो चालवतात, आई शेवंती शिवणकाम करते. हे सगळं तिच्याइतकंच मलाही ठाऊक.

मी तिला रॅडबर्नची गोष्ट सांगितली. कॉन्व्हेंटच्या मागच्या अंगणात सिस्टर बर्नाडेट आम्हाला सांगायच्या तश्शी! झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नाकावर घाम. गाव त्यांचं अमेरिकेतलं प्रॉव्हिडन्स, आणि हा पिचरही त्याच गावच्या संघाचा. साल १८८४. संघातला दुसरा पिचर भांडून गेला. रॅडबर्न म्हणाला, उरलेले सामने मी टाकतो. सकाळी केस विंचरायला हात वर जायचा नाही, दुपारी मैदानात हजर. एका मोसमात साठ विजय! संघ पहिला आला.

"साठ? एकट्याने?" पूर्वीने डोळे पुसले. "मग माझे तर तीनच आहेत की, बाई."

मी हसले. तिच्या पाठीवर थाप मारली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दोन्ही जिंकलो! दोन्ही पूर्वीने पूर्ण टाकले. दुसऱ्या सामन्यात पाण्याची बाटली डाव्या हाताने धरत होती. मी पाहिलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

पाचवी इनिंग. आम्ही दोन धावांनी पुढे. तिने हात मागे नेला, चेंडू सोडला आणि एक आवाज आला. वाळलेली काटकी मोडावी तसा. मनवाने मास्क फेकून दिला आणि धावली. चेंडू कुठे गेला कोणी पाहिलं नाही.

पूर्वी ओरडली नाही. कोपर पोटाशी धरून खाली बसली. "बाई, एकच इनिंग. थोडा वेळ द्या, टाकते."

सोमवार, १० नोव्हेंबर

कोपराच्या आतलं लिगामेंट तुटलंय. आधीपासून फाटत आलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. दुखत असताना टाकू कसं दिलंत, असंही त्यांनी विचारलं.

वॉर्डाच्या दारात तिचे वडील, रघुवीर, माझ्यासमोर उभे राहिले. एरवी मान खाली घालून बोलणारा माणूस. "बाई, तुम्हाला म्हाईत नव्हतं? तुमच्या भरवशावर सोडली होती पोरगी!"

मी तोंड उघडलं. खाटेवरून पूर्वीच बोलली – "पप्पा, बाईंवर नका ओरडू. बाईंनी थांब म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही."

रघुवीर माझ्या पाया पडायला वाकले. मी मागे सरले. पण खरं काय ते सांगितलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

घराबाहेर पडले नाही. रॅडबर्नबद्दल मिळेल ते वाचलं. पन्नास वर्षं गोष्ट सांगतेय, कधी तपासली नव्हती.

साठ नाही. आता एकोणसाठ धरतात. एक सामना दोन पिचरनी मिळून टाकला होता, तो विजय कुणाच्या नावावर लिहायचा हा वाद. केवढा काथ्याकूट त्या एका आकड्यावर! त्याच्या हाताचा हिशेब कुणी ठेवला नाही.

त्या काळी पन्नास फुटांवरून टाकायचे. बरेच जण खांद्याच्या खालूनच. आमची पूर्वी साठ फुटांवरून, अंगातली सगळी ताकद लावून टाकते. मी खेळ शिकवणारी बाई! हे मला कळायला नको होतं?

पुढचंही वाचलं. शिकारीच्या अपघातात एक डोळा गेला. लोकांत मिसळेनासा झाला. बेचाळिसाव्या वर्षी गेला. सिस्टर हे कधी बोलल्या नाहीत. कदाचित त्यांनाही कुणी अर्धीच सांगितली असेल. आम्ही बारा वर्षांच्या पोरी, त्यांच्या पायाशी बसून ऐकायचो. किती सुंदर वाटायचं!

बुधवार, १९ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. रोजची कामं करता येतील. जोरात चेंडू टाकणं विसरा, असं सांगितलं.

राज्य संघाची यादी लागली. तिचं नाव नाही, नसणारच. जिल्हा संघटनेच्या अहवालात मात्र माझं आहे – "प्रशिक्षिकेने वेळीच सूचना देऊनही खेळाडूने..." फोन करून अभिनंदन केलं एकाने! मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!

गुरुवार, २७ नोव्हेंबर

पूर्वीचा मेसेज: "बाई तुम्ही टेन्शन घेऊ नका. घरी कोणी काही बोलत नाही तुम्हाला."

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळीच काळाचौकीला गेले. रघुवीर टेम्पो घेऊन गेलेले. शेवंती मशीनवर बसली होती. उभ्या उभ्याच सांगून टाकलं – मी थांब म्हटलं नव्हतं. तिने दुखतंय सांगितलं, आणि मी तिला गोष्ट सांगितली.

शेवंतीने मशीन थांबवलं. वर बघितलंच नाही. "माका ठावक होतां, बाई. आठवडाभर मीच कोपराक बाम चोळत होते. सूज दिसत होती. म्हटलं, तीन सामने निघू देत. नोकरीचं होऊ दे." मग पदर तोंडात कोंबला.

मोरीपाशी पूर्वी उभी होती. हात गळ्यात बांधलेला. कधी आली, दोघींनाही कळलं नाही.

"मग पप्पांसमोर मी खोटं कुणासाठी बोलत होते?"