ट्रे धुतलेलं पाणी

सर, मला अजून तुमची भीती वाटते. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, माझे स्वतःचे केस पांढरे झाले, सत्तरी आली, तरी भाजी धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतताना माझा हात थांबतो आणि मान आपोआप मागे वळते. मागे कुणी नसतं. असलीच तर सून असते, आणि ती हसते. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटला आता मोठी टाकी आहे, टँकरवाल्याचा नंबर दारामागे चिकटवलेला आहे, आणि कुंड्यांना घालण्यासाठी मी बादल्या भरून ठेवते म्हणून बाल्कनीत पाय ठेवायला जागा नसते. सुनेला वाटतं की सासूबाईंना झाडांचं वेड आहे. झाडं मला आवडतात हे खरं. पण बादल्या मी भीतीने भरते, हे तिला कधी सांगितलेलं नाही.

तो दुष्काळ तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलात. नळाला तीन-चार दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं, आणि कॉलेजच्या आवारात तर फक्त सकाळी तासभर. तरी तुम्ही त्याच वर्षी श्रमदानातून कंपाउंडच्या कडेने कडुनिंब आणि करंजाची रोपं लावून घेतलीत. लोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या मागे तीन पिंपं मांडलीत. हात धुतलेलं, काचेच्या पट्ट्या विसळलेलं, डबे घासलेलं सगळं पाणी त्यात जायचं. साबणाला सक्त मनाई, डबे राखेने घासायचे. पाण्यात थेंबभर जरी रंग किंवा औषध असलं तर ते पिंपात नाही, बाजूच्या दगडी कुंडीत, आणि तेही फक्त तुमच्या हातांनी. आम्ही म्हणायचो, झाडांना एवढे कसले लाड? तुम्ही जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर आम्हाला आकृत्या काढायला लावायचात, दिवसभर एकाच न धुतलेल्या कपातून चहा प्यायचात आणि वर्गातून शेवटी निघणाऱ्याने पंखा बंद केला नाही तर त्याला जिन्यावरून परत बोलवायचात. पाठीमागे आम्ही तुम्हाला 'तांब्या' म्हणायचो, कारण कुणीही पाणी सांडलं की तुमचा ठरलेला प्रश्न असायचा, तो तांब्या कुठं गेला ते सांग. आज हे लिहिताना हसू येतंय. तेव्हा येत नव्हतं.

मला तर मुळीच नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि त्यांनी मला पाठवलं ते काकांशी भांडून. जाताना एवढंच म्हणाले होते की कॉलेजातून एक तक्रार आली की पुस्तकं बंद, मग काका बघतील ते स्थळ. त्यामुळे मी दोन वर्षं कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने वावरले. आणि त्या मंगळवारी नेमकी तुमच्या डोळ्यांवर आले. बादलीत तळाशी गाळ बसला होता, अर्धी बादली पाणी होतं, मी ते सरळ पायरीखाली ओतून दिलं. तुम्ही व्हरांड्यात उभे होतात. तुमचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. तुम्ही सगळ्या वर्गाला बाहेर बोलावलंत, ओली जमीन दाखवलीत आणि मला विचारलंत, हे पाणी कुणाचं होतं? मी म्हणाले, कॉलेजचं. तुम्ही म्हणालात, "नाही. ज्याला मिळालं नाही त्याचं होतं. आता जा आणि त्याला सांगून ये." मुलं हसली. मी त्या ओल्या मातीकडे बघत उभी राहिले आणि माझे कान इतके तापले की घरी जाईपर्यंत मला काही ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं सगळं मला स्वच्छ दिसतं. तुम्ही सकाळी हर्बेरियमची कामं उरकली आहेत. वाळवलेल्या वनस्पतींना कसर लागू नये म्हणून त्या पाऱ्याच्या औषधात बुडवायच्या असतात, ते जहाल विष असतं, म्हणून ते काम तुम्ही कुणाला करू देत नाही. औषध तुम्ही बाटलीत परत ओतलं आहे. पांढरा इनॅमलचा ट्रे टेबलावर आहे आणि प्राचार्यांचं बोलावणं आलं म्हणून जाता जाता तुम्ही मला सांगता, ट्रेला हात लावू नकोस, मी येऊन बघतो. मी मान हलवते. आणि तुम्ही गेल्यावर मी तो ट्रे धुवायला घेते. का? तर काल मी वाया घालवलेलं पाणी कुठंतरी भरून काढायचं होतं. तुम्ही परत याल, ट्रे लख्ख दिसेल, आणि काहीतरी बरं बोलाल. दुसरं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं, सर. मी दोन-तीनदा पाणी घालून ट्रे विसळला आणि मग हातात पाव बादली पाणी घेऊन उभी राहिले, आणि तेव्हा मला प्रश्न पडला की हे टाकायचं कुठं. दगडी कुंडीच्या झाकणाला तुमचं कुलूप. जमिनीवर ओतायची तर माझी छातीच होईना. पाणी दिसायला अगदी स्वच्छ होतं. झाडांनाच तर जाणार, एवढ्याशानं झाड काय मरतंय, असं म्हणत मी ते मधल्या पिंपात ओतलं. ट्रे पुसला, जागेवर ठेवला.

हात धुऊन मी खिडकीशी आले, तर खाली आपल्या विभागाची झाडलोट करणारी मावशी पिंपापाशी उभी. ती अक्कलकोटकडची. शेतं करपली म्हणून मुलगा, सून, नात असं सगळं बिऱ्हाड घेऊन शहरात आली होती आणि कंपाउंडच्या मागच्या खोलीत राहायची. झाडांना पाणी घालायचं कामही तिचंच. पण त्या दिवशी तिच्या हातात बादली नव्हती, घागर होती, आणि घागरीच्या तोंडाला लुगड्याचा तुकडा बांधलेला. मधल्या पिंपातलं पाणी ती हलक्या हाताने, गाळ ढवळू न देता, त्या फडक्यातून गाळून भरत होती. पाणी असं झाडांसाठी कुणी भरत नाही. साबण का चालत नव्हता, औषधाचा थेंब का चालत नव्हता, ते मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. तुम्हाला माहीत होतं. तिची लाज राहावी म्हणून तुम्ही झाडांचं नाव पुढे केलं होतंत. तिने घागर डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली. मी तोंड उघडलं. खिडकीतून तिच्यापर्यंत हाक सहज पोचली असती. माझ्या घशातून आवाजच निघाला नाही.

आणि घंटा झाली. तुमचा तास होता. तुम्ही आलात, हजेरी घेतलीत, मी "हजर" म्हणाले, आणि तो आवाज मात्र नीट निघाला. तुम्ही पर्णरंध्रं शिकवत होतात, कोरड्या हवेत पान आपली तोंडं मिटून घेतं आणि पाणी राखतं, असं काहीतरी. मी वही उघडून बसले होते. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता की घागर आता घरी पोचली असेल, आता माठात ओतली असेल, आता चूल पेटली असेल. उठावं आणि सांगावं. मग मला ओली जमीन दिसायची, हसणारी मुलं दिसायची, वडील दिसायचे. मी मनात म्हणत होते की ती भांडीच घासेल, अंघोळीलाच वापरेल. एकदा तुम्ही फळ्याकडे वळलात तेव्हा मी अर्धी उठलेसुद्धा. मैत्रिणीने विचारलं, काय गं? मी खाली बसले. पाऊण तास मी तिथे बसून होते आणि माझे तळवे घामाने असे निथळत होते की वहीचं पान ओलं झालं.

तास संपल्याची घंटा झाली, मुलं बाहेर पडली, आणि मी टेबलापाशी येऊन सांगितलं. ट्रे, पिंप, घागर. तुम्ही विचारलंत, तिने पाणी कधी नेलं? मी म्हणाले, "आत्ताच, सर. आत्ताच खिडकीतून दिसलं." तुम्ही पुढचं काही ऐकलं नाहीत. तुम्हाला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. धोतराचा सोगा हातात धरून तुम्ही मैदान ओलांडलंत आणि मी तुमच्या मागे. खोलीच्या दारात मावशी बसली होती, समोर नातीसाठी भरलेला पेला. तुम्ही आधी तो पेला उचलून लांब भिरकावलात. मावशी घाबरून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "चोरी न्हाय केली सायेब. झाडास्नी आदी घातलं, मग उरल्यालं आनलं की वो."

"मावशी, तुम्ही प्यायलात का त्यातलं?"

"तांब्याभर पेली की. आत्ता ती घंटा वाजली तवा. लई तहान लागलती." आणि मग आपल्या दोघांच्या तोंडांकडे बघून तिचा चेहरा उतरला. "का वो, काय हुतं त्यात?"

नातीच्या पोटात काही गेलं नव्हतं. मावशीला टांग्यात घालून तुम्ही सरकारी दवाखान्यात नेलंत. तिला वांत्या सुरू झाल्या होत्या आणि ती तुमचं धोतर खराब झालं म्हणून तुमचीच माफी मागत होती. चार दिवसांनी ती घरी आली. तोवर प्राचार्यांकडे चौकशी होऊन गेली होती. हजेरीपट घेऊन मी त्यांच्या दाराबाहेर उभी होते आणि आतून तुमचा नेहमीचा आवाज आला, "ट्रे मी धुतला. पाणी माझ्या हातून गेलं." विभागाचा कारभार दुसऱ्याकडे गेला, पिंपं उलटी करून ठेवली गेली, आणि त्या उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त रोपं वाळली. तुम्ही मला एकदाच बोलावून घेतलंत. म्हणालात, "आदल्या दिवशी मी तुला चारचौघांत बोललो नसतो, तर ते पाणी तू टाकून दिलं असतंस. चूक माझी आहे. तू तर कळल्याबरोबर सांगितलंस, तेवढंही सगळ्यांच्याने होत नाही." मी रडले. तुम्हाला वाटलं ते कृतज्ञतेने. त्यानंतर तुम्ही मला कधी रागावला नाहीत, आणि कुणालाच फारसं रागावला नाहीत. कुणी पाणी सांडलं तरी तुम्ही दुसरीकडे बघायचात. ते बघवत नव्हतं, सर.

दिवाळीच्या सुमाराला मावशीचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि मुलगा तिला गावाकडे घेऊन गेला. सूज कशाने आली ते मला माहीत नाही. दुष्काळात माणसं कशानेही सुजत होती. तुम्ही एस.टी.ने दोनदा त्या गावी जाऊन आलात. दुसऱ्या खेपेनंतर तुम्ही व्हरांड्यात माझ्यासमोर थोडा वेळ उभे राहिलात, जणू मी काही विचारेन म्हणून. मी पुस्तक छातीशी धरून तशीच पुढे गेले. पुढे मी पदवी घेतली, शाळेत शिक्षिका झाले, मुलांना झाडं लावायला शिकवलं, तुमच्या आजारपणात तुम्हाला भेटायलाही आले. तेव्हा तुम्ही तुमच्या पत्नीला माझी ओळख करून दिलीत, "ही ती वेळेवर सांगणारी." मी त्यांच्या पाया पडले.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून दोन मुली घरी आल्या होत्या. त्यांची पर्यावरणाची समिती आहे, त्यांना आवारातलं सांडपाणी पुन्हा झाडांना वापरायचं आहे आणि त्या प्रकल्पाला तुमचं नाव द्यायचं आहे. उद्या उद्घाटन. जुनी विद्यार्थिनी म्हणून मी दहा मिनिटं बोलायचं, घरच्या घरी काय काय करता येतं ते सांगायचं आणि तुमची एखादी आठवण. मुली गोड होत्या, माझ्या बादल्यांचे फोटो काढून गेल्या. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं की प्रयोगशाळेतलं पाणी वेगळं जातं ना, त्याला कुलूप आहे ना, आणि झाडांचं पाणी भरायला कुणी येतं का ते एकदा बघून या, असंही सांगितलं. त्यांना माझं हसू आलं असेल. रसायनशास्त्राच्या पाइपचा नकाशा त्यांनी मोबाइलवर दाखवला तरी माझी भीती गेली नाही.

भाषण मी चार दिवसांपूर्वीच लिहून काढलं. नळ, कापडी पिशव्या, ओला कचरा, सगळं आहे. शेवटी तुमची आठवण आहे, आणि ह्या वेळी ट्रे मीच धुतला होता असं लिहिलं आहे, सर, तुमच्यावरचा तो आळ मी उद्या सगळ्यांसमोर काढणार आहे. त्याच्या पुढचं वाक्य असं आहे: मावशींना पाणी नेताना पाहिलं आणि मी लगेच धावत जाऊन सरांना सांगितलं. हे पत्र लिहायला बसले ती ते वाक्य खोडण्यासाठी पेन घेऊन. पत्र लिहून झालं. वाक्य अजून तसंच आहे.