दुसरी सही

सोमवार, संध्याकाळ. स्मृति नगर.

आज मी लिहिलेली स्क्रिप्ट एका कमांडनं चालवली आन् आमच्या टीमनं एकमेकाचा कोड तपासायचा सर्व्हर क्लाउडवर आपोआप उभा झाला. आधी पूर्ण दिवस जाये. खुशीत बाबाले दाखवलं. स्टील प्लांटात फिटर होते ते. म्हणे, "आमच्या इथं काम करणाऱ्याची सही वेगळी, तपासणाऱ्याची वेगळी. याच्यावर दुसरी सही कोनाची?"

"माहीच."

ते हसले आन् चहाचा कप उचलला. मले राग आला. पण दुसरी सही डोक्यातून जाईना. सगळ्यांचा कोड दुसऱ्याकडून तपासून घेणारा सर्व्हर, आन् त्याची स्क्रिप्ट मी एकटीनंच पाहिलेली!

शेवटी टीममधल्या रश्मीले तपासाले दिली. तिनं लिहिलं, "ही दुसऱ्यांदा चालवली तर सर्व्हरवरचा आधीचा सगळा डेटा पुसला जाईल."

दुपारीच सगळ्यांचा कोड त्याच्यावर टाकला होता, आन् उद्या सकाळी सगळ्यांसमोर मी ती दुसऱ्यांदाच चालवणार होती.