बाभळीवरचा माळढोक

गुरुजी, आमच्या शाळेत अजून तुमच्यासारखीच हजेरी होते. नाव पुकारलं की पोरं "हजर" म्हणत नाहीत, आपापल्या प्राण्याचं नाव सांगतात. कुणी निळा देवमासा, कुणी पांडा, कुणी पांढरं अस्वल, कुणी ओरांगउटान. सकाळी ढोकीच्या बाजूच्या ह्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अख्ख्या जगातले संपत चाललेले प्राणी हजेरी देतात, आणि बाहेरच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जात असतात. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असता. मला हल्ली हसू येत नाही, चिडचिड होते. त्या चिडचिडीपायीच आज लिहायला बसले आहे.

पोरांना प्राणी दाखवायचे म्हणजे काय झालंय, ते तुम्हाला सांगून खरं वाटायचं नाही. मी देवमाशाचं चित्र काढलं की ती म्हणतात, "मॅडम, ह्ये मोबाईलवर बघितलंय." सगळं बघून झालंय त्यांचं. मोबाईलमध्ये देवमासाही बोटाएवढा आणि उंदीरही बोटाएवढा. मी मैदानावर पावलं टाकून देवमाशाची लांबी मोजून दाखवली, तर त्याचं शेपूट कंपाउंडच्या भिंतीला लागलं आणि पोरं तिथूनच क्रिकेट खेळायला पळाली. वरून आलेले एक साहेब म्हणाले, हजेरीचा काय पोरखेळ लावलाय, पण फोटो काढून ग्रुपवर टाका, छान दिसतं. आणि गेल्या महिन्यात एका पोराला मी कच्छच्या रणातलं रानगाढव दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा बाप दारात उभा. "मॅडम, माझं पोरगं काय गाढव वाटलं व्हय तुमाला?" मी समजावलं की हे जनावर लई दुर्मिळ आहे, वाऱ्यासारखं पळतं, आपल्या देशाचं भूषण आहे. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग घोडा द्या की!" शेवटी त्याला गेंडा दिला. आता बाप खूश आहे.

तुम्ही आम्हाला प्राणी वाटले तो दिवस मला लख्ख आठवतो. मुरुमच्या अलीकडचं आमचं गाव, दोन खोल्यांची शाळा, चौथीचा वर्ग. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतली चित्रं कापून तुम्ही एका जुन्या हजेरीपटात खळीनं चिकटवलेली आहेत. तुम्ही एकेकाला पुढं बोलावता, पान उलटता आणि म्हणता, "आजपासून ह्ये जनावर तुझं. जगात थोडीच उरल्यात. तू हजर तर ते हजर." माझ्या शेजारणीला पांडा मिळतो. गोरापान, गुबगुबीत, बांबू खाणारा. मग माझी पाळी येते आणि तुम्ही पान उलटता तर एक पक्षी. उंच पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पाठ. माळढोक. आमच्याच माळावरचा! घरी सांगितलं तर भाऊ फिदीफिदी हसला, म्हणाला, बाकीच्यांला जग दिलं आन् तुला माळावरची कोंबडी. वडील शेळ्यांना पाला टाकत होते. ते एवढंच म्हणाले, "आमच्या ल्हानपणी लई हुते. आता कुठं दिसतंय?" पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मला त्या पक्ष्याचा रागच आला.

तीन दिवस मी हजेरीला "पांडा" म्हणत राहिले. चौथ्या दिवशी तुम्ही मला उभं केलं. तुम्ही कधी छडी उगारली नाही, पण तुमचा आवाज खाली गेला की अख्खा वर्ग मांडी सावरून बसायचा. तुम्ही म्हणालात, "पांड्याकडं बघायला चीनमधी माणसं हायेत. ह्याच्याकडं बघायला तुझ्याबिगर कोण हाय?" आणि मग काम दिलंत. आठ दिवस वडिलांच्या शेळ्यांमागं माळावर जायचं, बघायचं आणि वहीत लिहायचं. जाताजाता म्हणालात, "दिसला न्हाय, तर न्हाय म्हणून लिही." हे शेवटचं वाक्य तुम्ही म्हणाला नसता तर बरं झालं असतं, गुरुजी. मग निदान मला म्हणता आलं असतं की गुरुजींच्या भीतीनं केलं.

मी दोन दिवस गेले. ऊन असं की गवताचा रंग उडालेला. तिसऱ्या दिवसापासून मी गावाजवळच्याच बाभळीच्या सावलीत बसून एकटीच खडे खेळत होते. आठव्या दिवशी घरी येऊन लिहिलं. "काल संध्याकाळी मला माळढोक दिसला. तो बाभळीच्या फांदीवर बसला होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले." तुम्ही ती वही वर्गात मोठ्यानं वाचलीत. फांदीपाशी आल्यावर थांबलात. चष्मा काढलात, धोतराच्या सोग्यानं पुसलात, परत घातलात आणि शेवटपर्यंत वाचलंत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला थांबवून तुम्ही तुमची जुनी दुर्बीण माझ्या हातात दिलीत. तिचा पट्टा तुटलेला, त्या जागी तुम्ही परकराची नाडी बांधलेली होती. "घे. आता नीट बघ," एवढंच बोललात. मी ती गळ्यात घालून सगळ्या गावातून मिरवले.

मी डीएडला असताना तुम्ही गेल्याचं कळलं. नोकरी लागल्यावर चार-पाच वर्षांनी उमरग्याला एक प्रशिक्षण होतं, तिथं वनखात्याचा एक माणूस आला होता. त्यानं माळढोकाच्या पायाचं चित्र फळ्यावर काढलं. पुढं तीन बोटं, मागं काही नाही. म्हणाला, "मागचं बोटच नसतं, त्यामुळं फांदी धरता येत नाही. हा पक्षी जन्मात झाडावर बसत नाही." शेजारच्या बाई चहाचा कप पुढं करत होत्या आणि माझ्या कानातून वाफा निघत होत्या. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. चष्मा पुसला तेव्हाच. तरी तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत, टाळ्या वाजू दिल्यात आणि वर दुर्बीण दिलीत.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. तेव्हाच माझा कान का नाही पिळलात? वर्गासमोर नसता पिळला, शाळा सुटल्यावर पिळला असता. मी दोन दिवस रडले असते, तिसऱ्या दिवशी खरोखर माळावर गेले असते. तेव्हा तिथं गवत होतं, कदाचित तोही असेल. आता तिथं ऊस आहे, विजेच्या तारा आहेत, आणि ज्याला बघायचं तोच नाही. ती दुर्बीण बक्षीस होती की शिक्षा, एवढं तरी सांगून जायचं होतं. मेलेल्या माणसाशी भांडण काढू नये म्हणतात. पण ज्याच्याशी भांडायचं तोच मेलेला असेल तर माणसानं काय करावं?

आणि आता गेल्या आठवड्यात काय केलं ते ऐका. इतकी वर्षं मी पोरांना जगातले सगळे प्राणी वाटले, पण माळढोक एकालाही दिला नाही. तो आता इथं कुठं आहे, असं म्हणून टाळत आले. माझ्या वर्गात मेंढरं राखणाऱ्याची एक मुलगी आहे, दहा वर्षांची, अबोल. तिला मी हिमबिबट्या दिला होता. परवाच्या मंगळवारी नाव पुकारलं तर ती उभी राहिली आणि म्हणाली, "माळढोक." मी म्हटलं, तुझा हिमबिबट्या आहे. तर म्हणते, "मॅडम, हिमबिबट्या म्या कुठं बघितलाय? माळढोक बघितला. आयतवारी, मेंढरं घिऊन गेल्ते तवा, वरच्या माळाला." वर्ग हसला. आणि माझ्या तोंडून निघालं, "खोटारडी कुठली! बस खाली." तिनं काय पाहिलं, कसं पाहिलं, मी एका शब्दानं विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मला ठाऊक होतं ना, ह्या पक्ष्याबद्दल खोटं बोलणं किती सोपं असतं.

बुधवारपासून तिचं नाव पुकारलं की ती तोंडच उघडेना. वर्गात असायची, वही काढायची, पण हजेरीला गप्प. तू हजर तर ते हजर, असं तुमचं वाक्य मीच त्यांना पाठ करून दिलंय. एवढंसं पोर मला माझ्याच वाक्यात अडकवून बसलं होतं. शनिवारी वह्या तपासताना तिची वही आली. गणिताच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं एक पाऊल काढलेलं. पुढं तीन जाड बोटं, मागं काही नाही. शेजारी तिनं आपल्या हाताचा पंजा ठेवून गिरवला होता, मापासाठी. मागचं बोट नसतं हे मी वर्गात कधीच शिकवलेलं नाही, गुरुजी. मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

रविवारी मी तिच्या घरी गेले. गावाच्या टोकाला पत्र्याचं घर, पुढं मेंढरं कोंडायची जाळीची वाघर. आईनं शेळीच्या दुधाचा चहा केला आणि म्हणाली, "पोरगी चार दिस झालं जेवताना बी बोलत न्हाय, मॅडम. काय केलं तिनं?" मी म्हणाले, तिनं काही केलं नाही, माझं चुकलं. मग मी तिच्याकडं वळून तेच पुन्हा म्हणाले. ती उठली, अंगणातली एक कोंबडी धरली, तिचा पाय वर करून मला दाखवला. "ह्ये बघा, हिला मागं बोट हाय. फांदी धराया. त्येच्या पावलाला न्हाय. म्हंजी त्यो झाडावर बसत नसंल ना, मॅडम?" मी मान हलवली. तिनं पाहिला तो माळढोकच होता का, देव जाणे. पण तिनं नीट पाहिलं होतं. तुम्ही मला सांगितलं होतंत तसं, दुर्बीण नसताना.

दुर्बीण मी पिशवीत घालून नेली होती. ती तिला द्यायची आणि सगळं सांगून टाकायचं, असं घरून ठरवूनच निघाले होते. तेवढ्यात तिनं कोंबडी सोडली आणि चार दिवसांत पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "तुमी बघितलाय का कधी?" ह्याहून सोपी वाट मला कुणी करून दिली नसती. "न्हाय" एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही तर ते कधीच सांगून ठेवलं होतंत.

आज सोमवार. आज तिनं हजेरीला ताठ उभं राहून "माळढोक" म्हटलं आणि माझ्याकडं बघून हसली. वर्गात आम्ही दोघीच जाणत्या, असं ते हसणं होतं. दुर्बीण अजून माझ्या पिशवीतच आहे. ज्या डब्यात ती दुर्बीण ठेवते, त्याच डब्यात हे पत्रही घडी करून ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं ठेवू? काल मी तिला "व्हय" म्हणाले, गुरुजी. तुझ्याएवढी होते, संध्याकाळ होती, त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, सगळं सांगितलं. फक्त ह्या खेपेला मी त्याला बाभळीवर बसवला नाही. जमिनीवर उभा केला.