पाटीखालचं नाव

मोखाडा,
मंगळवार, ९ सप्टेंबर २००३

प्रिय पुष्पाबाय,

लहान्या संस्थेत साहेब झाला, असं आई वांगणीभर सांगत फिरते आहे म्हणे. ढवळूकाका सांगत होता; त्याच्याच हाती हे आज संध्याकाळी पाठवतो आहे. तिला इतक्यात काही बोलू नकोस. हे पत्र आधी तू एकटीच वाच.

शुक्रवारी मला केंद्रप्रमुख केलं. सात वर्षं मी इथे झाडलोट केली, बालकेंद्राची पोती उतरवली, पाहुण्यांना कपबशीत चहा दिला आणि माझा चहा मोरीजवळच्या वेगळ्या पेल्यात प्यालो. भिंतीवर 'सर्वांना समान संधी' असं लिहिलेलं आहे, ती भिंतही मीच पुसतो. मदत देणारे दरवर्षी येऊन विचारतात, कामावर आदिवासी किती, बाया किती, वरच्या जागेवर कोण? ते आले की मला खुर्ची मिळते आणि ते गेले की खुर्ची आत जाते. या वेळी मात्र ती राहिली. ठाण्याच्या मुख्य ऑफिसातल्या सरांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला, म्हणाले, "लहानूजी, आता केंद्र तुमचं." लहानूजी! बाय, मला हसू आलं आणि खरं सांगतो, डोळेही भरले. मी सही केली.

खोलीवर येऊन नेमणुकीचं पत्र पुन्हा वाचलं. तारीख १ जून होती. टाइप करताना चुकलं असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. "अरे, तीन महिन्यांचा मान जास्तच मिळाला की तुला. तक्रार कसली करतोस?" म्हणाले. एका रात्रीत मी परत 'अरे' झालो होतो.

जुलैत आम्ही पाड्यांवर पोषण आहाराच्या पुड्या वाटल्या. अकरा पोरं आजारी पडली. आपल्या पाड्यावरच्या रंगूची धाकटी पोर अजून जव्हारच्या दवाखान्यात आहे, डोळे उघडत नाही. पुड्यांची मुदत मे महिन्यातच संपली होती. मी तेव्हाच सांगितलं, तर "तू पोती उचल, वाचतोस कशाला?" असं उत्तर मिळालं. परवा गुरुवारी चौकशीला माणसं येणार आहेत, हे मला आज कळलं.

काल माझ्या दारावरची पाटी पुसत होतो. रंग ओलाच होता, फडक्याला लागून आला. खाली पुंजाचं नाव निघालं. पुंजा आठवतो ना? त्यालाही असंच एकाएकी प्रमुख केलं होतं, पाड्यावरच्या नव्या केंद्राची भिंत पडली त्याच आठवड्यात. आता तो भिवंडीकडे वीटभट्टीवर आहे, गावाचं नाव काढत नाही.

आज कपाटात दुसरी पाटी सापडली. तिच्यावर तुझं नाव आहे, खाली भांडारप्रमुख. सोबत तुझं नेमणुकीचं पत्र, तारीख १ जूनच. उद्या संस्थेची जीप तुला न्यायला येईल. या नोकरीची तू किती वाट पाहिलीस ते मला ठाऊक आहे, म्हणून तीनदा लिहून तीनदा फाडलं. बाय, सकाळीच मामाकडे निघून जा. तिथेही ते आलेच, तर देतील त्या खुर्चीवर बस, चहा पी, पण पेन हातात घेऊ नकोस. मी घेतलं. गुरुवारी मी खरं तेच सांगणार आहे. सोबत एक न फोडलेली पुडी आणि माझ्या नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स ठेवली आहे. मी शनिवारपर्यंत आलो नाही, तर दोन्ही रंगूच्या हातात दे.

तुझाच दादा,
लहान्या