डावी सोडायची नाही

३ मार्च
पोचले एकदाची. खोली एवढीशी, पण खिडकी मोठी आणि नळाला गरम पाणी भरपूर. घरमालकीणबाई पहिल्याच दिवशी जास्तीची रजई देऊन गेल्या. आईने फोनवर थंडीचं विचारलं, जेवणाचं विचारलं. गाडीचं नाही विचारलं. मीही विषय काढला नाही.

काम म्हणजे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटना इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायच्या. रोज नऊ घरं, म्हणजे गाडी आलीच. महिनाअखेरपर्यंत एकटीने चालवता आली नाही तर परतीचं तिकीट, असं मोठ्या नर्सबाईंनी हसत हसत सांगितलं. हसायला त्यांचं काय जातंय.

६ मार्च
गाडी मिळाली. पांढरी, छोटी, आत स्पिरिटचा वास. इथे सगळंच उलटं. स्टिअरिंग डावीकडे आणि चालायचं रस्त्याच्या उजवीकडून. मी सवयीने उजवं दार उघडून ऐटीत बसले आणि समोर स्टिअरिंगच नाही. नर्सबाई पोट धरून हसल्या. दिवसभरात तीनदा तरी माझा हा घोळ झाला.

बाबांनी मला गाडी शिकवली तेव्हा ते डावीकडे बसायचे. सीट पार मागे, कारण पाय लांब आणि गुडघे धरलेले. एक हात हँडब्रेकवर. आणि दिवसभर एकच पालुपद, डावी सोडायची नाही. बाकीचे कसेही मरोत, आपण आपली डावी धरून चालायचं. आता डावीकडच्या सीटवर मी बसते.

१४ मार्च
परवा चौकातल्या गोलाला चार प्रदक्षिणा घातल्या, बाहेर पडायची हिंमतच होईना. आज मात्र एकटी गेले, नऊच्या नऊ घरं. पहिलं घर टेकडीवरच्या आजोबांचं. खाण्याआधी त्यांना इन्सुलिन लागतं, म्हणून ते सकाळपासून खिडकीत बसून रस्ता बघत असतात. मला गाडीतून उतरताना बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोलीवर येऊन खूप रडले. आज बाबा हवे होते.

१७ मार्च
काल सीट माझ्या मापाने पुढे घेतली होती. आज सकाळी ती पार मागे गेलेली, पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. गाडी दुसरं कुणी वापरत नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

१९ मार्च
पुन्हा सीट मागे. काचेवर बर्फ साचलेलं आणि हँडब्रेकची मूठ कोमट.

आज लिहूनच टाकते. दोन वर्षं झाली, आईलासुद्धा सांगितलेलं नाही. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा घरात मी एकटीच होते. लायसन्स होतं. तू चालव, असं ते म्हणाले. मी म्हटलं माझे हात थरथरतायत, मला नाही जमणार. ते रागावले नाहीत. किल्ली घेऊन स्वतः बसले, मी शेजारी. हॉस्पिटलच्या फाटकाशी त्यांनी गाडी नीट डावीकडे लावली, हँडब्रेक ओढला आणि मान टाकली. आणि मी नर्स आहे.

२२ मार्च
आजोबांनी विचारलं की वडिलांना बाहेर थंडीत कशाला बसवून ठेवतेस, आत आण. मी म्हटलं गाडीत कुणी नाही. तो काय, म्हणाले, उंच माणूस, तुझंच नाक, गुडघे चोळत बसलाय.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. सीट रिकामी होती. पार मागे सरकलेली.

२४ मार्च
टेकडीच्या उतारावर स्टिअरिंग आपोआप डावीकडे जातं. मी उजवीकडे ओढते, ते परत डावीकडे. गॅरेजवाला म्हणतो गाडीत काहीही बिघाड नाही.

बाबांनी हा देश पाहिलाच नाही ना. त्यांना वाटत असणार, पोरगी चुकीच्या बाजूने चाललीय.

२५ मार्च
मोठ्याने सांगितलं त्यांना. बाबा, इथे उजवी. इथला नियम वेगळा. माझ्या हातावर हात आला. गरम. शिकवताना ठेवायचे तसाच. आणि डावीकडे वळवलं— समोरून बस— थोडक्यात वाचले.

नर्सबाईंना सांगितलं तर परतीचं तिकीट. पण खरं कारण ते नाही. मला बाबा जायला नकोत.

२७ मार्च, सकाळ
झोप नाही. आजोबा वाट बघत असतील. घाईत पुन्हा उजवं दार उघडलं, बसले. किल्लीसाठी पर्समध्ये हात घातला तर ही वही लागली. किल्ली नाही. किल्ली गाडीला लागलेली—

इंजिन सुरू झालंय. शेजारची सीट आपोआप मागे गेली.

गाडी चाललीय. दार उघडत नाही. लिहितेय, कारण हात थरथरतायत, दुसरं काय करू—

टेकडीचा चढ. डावी धरली त्यांनी. पूर्ण डावी. वळणापलीकडे ट्रकचा हॉर्न.

घाबरू नकोस म्हणतायत. मला पोचवतायत ते. तेव्हासारखे. आणि मी तेव्हासारखीच बसून—

नाही. बाबा, द्या इकडे. मी चालवते. मी चाल