भामाला हवेत उचलण्याआधी

विचुंबे, रविवार दुपार

तीर्थरूप धर्मादादांच्या पायाशी कमळाकरचा नमस्कार पोचावा. आपटा गावी सगळी खुशाल असाल आणि वहिनींचा खोकला उतरला असेल, असं धरून चालतो. (फोनवर विचारणार होतो, पण तुम्ही "तुजा तोंड नाय बगाचा" म्हणून तो ठेवलात. पत्रात तोंड दिसत नाही, म्हणून ही खटपट.)

आमच्या शेजारच्या प्रणितच्या हळदीत मी तुमच्या बहिणीला उचलून आपटली, असं तुमच्या कानावर आलंय. दादा, आपटला तो मी. पण ते सांगायचं तर थोडं मागून सांगावं लागेल.

दोन्ही पोरं नोकरीला बाहेर गेली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी भामानं मोबाईलवर स्विंग नाच पाहिला. परदेशातला जुना, जोडीनं करायचा नाच. मध्येच बाई उडी मारते, जोडीदाराच्या अंगावरून फिरते आणि पुन्हा पायावर उभी राहते. "मना ह्यो नाच शिकाचा हाय," भामा म्हणाली. मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. तिनं दुसऱ्याच दिवशी दोघांची नावं घातली.

नवीन पनवेलला एका सोसायटीच्या हॉलमध्ये एलिशेवा मॅडम दर रविवारी सकाळी हा नाच शिकवतात. मी तरुणपणी मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिलेला माणूस, बायकोला उचलायला मला क्लास कशाला? पहिल्याच दिवशी बाह्या सरसावून पुढे झालो. मॅडमनी मला गादीवर नेलं आणि पडायला शिकवलं. तीन महिने दादा, नुसतं पडायला! उतरताना गुडघे वाकवायचे, पडताना हात मागे टेकायचा नाही (मनगट जातं), अंगठ्या-बांगड्या काढून डब्यात ठेवायच्या. भामा मंगळसूत्र काढायला लागली तेव्हा मी घुटमळलो. ती म्हणाली, "गल्यात अडकला तं मंग तुमीच रडाल." उडीच्या वेळी दोन्ही बाजूंना धरायला दोन माणसं उभी हवीत, त्यांना स्पॉटर म्हणतात. गर्दीत, कडक जमिनीवर किंवा पिऊन उडी नाही म्हणजे नाही. आणि दोघांपैकी एकानं "थांब" म्हटलं, की दुसऱ्यानं का म्हणून न विचारता थांबायचं.

आता हळद. डीजे जोरात होता, मांडवातली फरशी हळदीच्या पाण्यानं ओली होती आणि मी दोन पेग घेतले होते. (तिसरा नंतर, दुखण्यासाठी.) आमचा पुतण्या प्रितेश ओरडला, "काका, उचल काकीला!" सगळा मांडव तेच ओरडायला लागला. मी भामाच्या कमरेला हात घातला. ती डीजेच्या वर आवाज काढून म्हणाली, "थांब!" नवऱ्याला, एकेरीत, दोनशे माणसांत. लोक हसले. मला लाज वाटली, राग आला, आणि खरं सांगतो, मी तिला पुन्हा ओढली. तिनं माझे दोन्ही हात काढले आणि पाय रोवून उभी राहिली. मी फणकाऱ्यानं मागे वळलो, घसरलो आणि पाठीवर आडवा झालो.

डीजे बंद पडला. पडल्यापडल्या मला वर मांडवाचा कपडा दिसत होता आणि एवढंच कळत होतं, की भामा हातात असती तर आधी तिचं डोकं आपटलं असतं. ती धावत आली. "उटू नका. पाय हलतान का?" पाय हलले, तेव्हा कुठं ती रडली. दादा, दोनशे माणसांपुढे मिळतं घ्यायचं सोडून ती ठाम राहिली. माझ्यात तेवढी हिंमत नाही.

पाठ बरी झाल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एक महिना पुन्हा गादीवर घातलं. आज सकाळी मात्र एका बाजूला क्लासातला प्रितम, दुसऱ्या बाजूला क्लासातलीच हेतल, खाली जाड गादी. पहिल्या उडीला भामा तिरकी झाली आणि दोघांनी तिला पाठीतून झेललं. तिनं श्वास घेतला, "परत," म्हणाली. दुसऱ्या वेळी ती उडाली. उडाली म्हणजे तिची तीच. मी नुसती दिशा देतो, इतक्या दिवसांचा माझा ताकदीचा गर्व फुकट गेला. वरून तिनं माझ्याकडे पाहिलं (एकतीस वर्षांत वरून पाहण्याची पहिलीच वेळ, निदान अक्षरशः तरी) आणि इतक्या अलगद उतरली, की पायाचा आवाज झाला नाही. मग शाळकरी पोरीसारखी हसत सुटली. तुम्ही पाहायला हवं होतं.

तुमचा, अजून ठेवलं असेल तर,
मेहुणा कमळाकर

ता. क. प्रितम पुढचे चार रविवार कामाला सुरतला आहे. स्पॉटर नाही तर उडी नाही. भामाच्या बाजूला पक्क्या हाताचा, नजर न हलवणारा माणूस हवा. माझ्यावर सर्वात जास्त संशय असलेला माणूसच बरा, असं मॅडमचं मत. तेव्हा रविवारी सकाळी नऊला तुम्हीच या. नखं कापून या.

ता. क. २. भामानं वहिनींचंही नाव घातलंय. फॉर्मवर वजन लिहायचं होतं, ते मी अंदाजानं लिहिलं. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाका.